मुजोरी आणि अरेरावी : एकच की वेगळे?

प्रश्न : 'मुजोरी' आणि 'अरेरावी' एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का? आणि 'मुजोर' आला कुठून?

उत्तर : माझ्या मते चालत नाहीत, आणि त्याचं कारण मुजोरच्या जन्मातच आहे.

'मुजोर' म्हणजे मुळात 'मुँहजोर'. मुँह म्हणजे तोंड, जोर फारसीतला. लगामाला न जुमानणाऱ्या घोड्याला हिंदी-उर्दूत मुँहजोर म्हणतात. लगाम ओढावा तर तो तोंडातलं लोखंड दातांत आवळून धरतो आणि हवं तिकडं उधळतो. मराठीत येताना मधला 'ह' गळला, आणि शब्द माणसांना चिकटला. आमच्याकडे मात्र तो जनावरालाही लावत. एकदा खिलार गोऱ्हा औताला धरताना आजोबांनी वेसण ओढली, तर त्यानं मान ताठ करून त्यांनाच बांधापर्यंत ओढत नेलं. धोतराची माती झटकत आजोबा एवढंच म्हणाले, "लई मुजोर झालंय."

म्हणजे मुजोरी म्हणायला आधी कुठला तरी लगाम लागतो, आणि तो न मानणारा कुणीतरी. मीटर असून जवळचं भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्याची मुजोरी असते. लाडावलेलं पोरही मुजोर होतं.

'अरेरावी' बोलण्यातून आली. अरे + राव अशी तिची फोड करतात. दाखल्यासाठी खिडकीशी उभ्या म्हाताऱ्याला विशीतला कारकून "ए, मागं सरक" म्हणतो, ती अरेरावी. नियम एकही मोडलेला नसतो, तरी म्हातारा मान खाली घालून मागं सरकतो. मुजोरी गप्प बसूनही करता येते, अरेरावीला तोंड उघडावंच लागतं.

'शिरजोर' मुजोराचाच भाऊ. फारसी 'सरजोर', त्यातल्या 'सर'च्या जागी आपण 'शिर' बसवलं. 'चोर तर चोर, वर शिरजोर' या म्हणीमुळे त्यात आधी केलेला गुन्हाही धरला जातो. दादागिरीत मारहाणीचा धाक आहे. तिची 'गिरी' मुलूखगिरी-गुलामगिरीतलीच, फारसी.

हल्ली बाकीच्या तिघांऐवजीही सरसकट 'दादागिरी' म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारकुनानं त्या म्हाताऱ्यावर हात उगारला नव्हता, मग ती दादागिरी कशी?

तुमच्या भागात बैलाला, घोड्याला मुजोर म्हणतात का? की तिथं दुसराच शब्द आहे?