माळ्यावरची कागदांची ट्रंक: काय ठेवू, काय रद्दीत देऊ?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. बाबा पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि घरचे सगळे कागद माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत कोंबलेत. परवा आईच्या मेडिक्लेमची जुनी पॉलिसी शोधायला बसलो तर रॉकेलचं कार्ड, १९९० च्या आसपासची लाइटबिलं, आत्याची लग्नपत्रिका आणि त्यातच फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, तेही पिन गंजून पानाला भोक पडलेलं. बाबा एक कागद फेकू देत नाहीत, "असू दे, लागतं कधीतरी" म्हणतात. सगळं स्कॅन करून डिजिलॉकरला टाकलं तर ओरिजिनल ठेवायची गरज आहे का? आणि सरसकट लॅमिनेशन करून घेऊ का?

पेठेतला:
लॅमिनेशन नको रे बाबा, एकदा केलं की निघत नाही, मागे शिक्का मारायचा झाला तर वांधे, आणि थर्मल कागदाची पावती असेल तर मशिनमधून काळी होऊनच बाहेर येते. आधी त्या गंजक्या पिना काढ. डिजिलॉकरचं म्हणशील तर खात्याकडून थेट त्यात आलेलं आरसी बुक, लायसन्स वगैरे ओरिजिनलच्या बरोबरीचं धरतात, पण तू स्वतः स्कॅन करून चढवलेलं खरेदीखत हा नुसता फोटो. खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्र हे कागदावरच जपायचं.

माई_नाशिक:
बाबांचं अगदीच चूक नाही हं. तुमच्याकडे जातपडताळणीचा विषय असेल तर आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, असलं काही सापडलं तर सोन्यासारखं जपा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात आणि पोराच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी जीर्ण झालेल्या रजिस्टरांसाठी गावच्या शाळेत खेटे घालायला लागतात. लाइटबिलांचं म्हणाल तर दर वर्षाचं एक ठेवा, डोमिसाईलला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो तेव्हा उपयोगी पडतं, बाकीची द्या रद्दीत.

वाशिष्ठीकाठ:
आम्ही चिपळूणचे, २२ जुलै २०२१ चा पूर बघितलाय. तळमजल्यावरच्या कपाटातल्या फायलींचा अक्षरशः लगदा झाला, माळ्यावरचं वाचलं, तेव्हा माळा सोडू नका पण ट्रंकेऐवजी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्याआधी बदला. कागद भिजलेच तर ओली पानं ओढून सोडवू नका आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका, सावलीत पंख्याखाली टाका, सुटी होतील तशी उलटा. रजिस्टर झालेलं खरेदीखत गेलं तरी दुय्यम निबंधकाकडून सर्टिफाईड कॉपी मिळते, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन शोधता येतो, सातबारा डिजिटल सहीचा १५ रुपयांत. नोटरी केलेल्या किंवा साध्या कागदावरच्या करारांना मात्र असा वाली नाही, त्यांना सगळ्यात आधी जपा.

लेखापाल_आजी:
एक राहिलं. मृत्युपत्र एकट्याच्या नावच्या बँक लॉकरमधे ठेवू नका, माणूस गेल्यावर तो लॉकर उघडायलाच लोक हेलपाटे घालतात आणि नेमकं मृत्युपत्रच आत! एक साधी वही करा, कोणत्या बँकेत काय, पॉलिसी नंबर, नॉमिनी कोण, कुठला कागद कुठे. पासवर्ड त्यात लिहू नका. बाबांची विसरलेली एखादी एफडी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा, १० वर्षं कोणी विचारलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, पण क्लेम केला की मिळतात. आणि नॉमिनी तपासाच, बऱ्याच जुन्या खात्यांवर नसतोच.

खटपट्या:
भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद! रविवारी वही घेऊन बाबांसमोरच बसतो, म्हणजे कुठला कागद कशाचा ते तेच सांगतील. आजोबांचा चौथीचा दाखला आहे, पण घडीवर फाटलाय आणि कोणीतरी सेलोटेप लावलीय, ती आता पिवळी पडून अक्षरांवर चिकटलीय. ओढून काढू का तशीच राहू दे?

पेठेतला:
हात लावू नकोस! तशीच राहू दे. दोन्ही बाजू नीट स्कॅन कर आणि शाळा अजून चालू असेल तर नवा उतारा मागून घे.