मदत हवी आहे : कडाक्याच्या थंडीत जिओकॅशिंगसाठी कोणतं जीपीएस घेऊ?

कुडकुड्या
शनिवारी सूट संपतेय, त्याआधी ठरवायचंय. जिओकॅशिंगसाठी (कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजे 'कॅश', जीपीएसने शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं, असा खेळ) हातात धरायचं जीपीएस यंत्र हवंय. फोन नको, ते करून झालं. उणे २० ला चाललं पाहिजे. आधीचं टचवालं यंत्र गेल्या रविवारी कॅशपासून चाळीस पावलांवर बंद पडलं. लेक (वय ९) तिथेच बर्फात फतकल मारून रडायला लागली. कृपया थोडक्यात सांगा.

मिश्किलमामा
बर्फात कॅश शोधताय? आम्हाला एटीएममध्येसुद्धा मिळत नाही. हलके घ्या.

रानमांजर
उणे २० सेल्सिअस की फॅरनहाइट? राहता कुठे? सेल कोणते होते? आणि बंद पडलं म्हणजे टच लागेना, की विझलंच?

कुडकुड्या
मिनेसोटा. अर्थात फॅरनहाइट. विझलंच. साधे पेन्सिल सेल, त्याच सकाळी पाकीट फोडून घातलेले.

रानमांजर
'अर्थात' कसलं! उणे २० फॅरनहाइट म्हणजे उणे २९ सेल्सिअस. असल्या बहुतेक यंत्रांची मर्यादा उणे २० सेल्सिअसच्या आसपास असते. शिवाय साधे सेल म्हणजे अल्कलाइन. त्यांच्या पोटातलं रसायन पाण्यात कालवलेलं असतं, गारठ्यात ते आळसावतं. यंत्राने जरा जास्त वीज ओढली की व्होल्टेज धाडकन खाली. घरी ऊब मिळाल्यावर तेच सेल पुन्हा भरलेले दिसतात. झालं होतं का तसं?

कुडकुड्या
हो!! घरी तीन काड्या दाखवत होतं. मला वाटलं यंत्रच बिघडलं. एकाला फुकट देऊन टाकलं.

रानमांजर
अरेरे. तो आता मजेत असेल. असो. लिथियमचे पेन्सिल सेल घ्या, चार्ज न होणारे, दीड व्होल्टचे. ते उणे ४० पर्यंत चालतात (उणे ४० दोन्ही मापांत एकच, त्यामुळे भांडण नाही). मेनूत सेलचा प्रकार 'लिथियम' निवडा. तरीही काड्यांवर भरवसा नको, शेवटपर्यंत भरलेले दाखवून एकदम मान टाकतात. एक जोडी आतल्या खिशात ठेवा. यंत्र म्हणाल तर गार्मिनचं ईट्रेक्स ३२एक्स. बटणं आहेत, टच नाही.

गोठलेला_गणप्या
रानमांजर, उणे २९ ला मोजे काढून सेल बदलून दाखवा, मग बोलू. मी एडमंटनला गार्मिनचंच जीपीएसमॅप ६७ वापरतो. बॅटरी आतच, कंपनी १८० तास सांगते. थंडीने निम्मे खाल्ले तरी कुठे बिघडलं? ईट्रेक्सची ती मेनूत फिरायची इवलीशी दांडी जाड मोज्यात अंगठ्याखाली लागतच नाही.

रानमांजर
आणि चार वर्षांनी तुमची आतली बॅटरी म्हातारी झाली की? सेल कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतात.

गोठलेला_गणप्या
लिथियमचे? जंगलाकडेच्या पंपावर? शोधा, तोही एक कॅशच आहे.

साधा_माणूस
फोन पुरतो हो. आतल्या खिशात ठेवायचा, लागेल तेव्हाच काढायचा.

कुडकुड्या
'फोन नको' हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. २२एक्स स्वस्त दिसतंय. ३२एक्समध्ये जास्त काय आहे?

रानमांजर
होकायंत्र, आणि हवेच्या दाबावरून उंची. उंची सोडून द्या, तुमच्याकडे डोंगर कुठले? पण होकायंत्र हवंच. २२एक्सला दिशा फक्त चालताना कळते. शेवटच्या दहा पावलांत तुम्ही गुडघाभर बर्फात थांबून झाड न्याहाळत असता, तेव्हा त्याचा बाण भोवऱ्यासारखा फिरतो. ३२एक्सचा थांबलात तरी जागेवर राहतो. सेल बदलल्यावर मात्र होकायंत्र पुन्हा जुळवून घ्या.

बिनधास्त_बाई
मीटरभर अचूकतेसाठी पैसे जाळू नका. लपवणाऱ्याने जागा फोनवर पाच मीटर चुकीची नोंदवली असेल, तर तुमचं यंत्र इमानेइतबारे त्या चुकीच्या जागी नेऊन उभं करेल. कॅशच्या माहितीत बर्फकणाचं चिन्ह बघा, ते असेल तर हिवाळ्यात सापडण्यासारखी. नाहीतर मार्चपर्यंत बर्फाखाली. आणि पेन्सिल न्या.

कुडकुड्या
पेन्सिल सेलचंच चाललंय ना.

बिनधास्त_बाई
सेल नव्हे हो. पेन्सिल. लिहायची.

सह्यभटका
अवांतर : भारतात येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र (इनरीच वगैरे) विनापरवाना आणू नका, विमानतळावर अडकाल. बाकी राजगडावर डिसेंबरातही टोपी पुरते.

मिश्किलमामा
संजीवनी माचीवर पहाटे वारा सुटला की टोपी पुरत नाही. अनुभव आहे.

सह्यभटका
मामा, कुठल्या साली गेला होतात? वेगळा धागा काढू या का?

कुडकुड्या
कृपया इथे जीपीएस.

गोठलेला_गणप्या
काहीही घेतलंत तरी एक करा. गळ्यात दोरीने अडकवून जाकिटाच्या आत ठेवा. घरात शिरण्याआधी बाहेरच बंद पिशवीत घाला आणि तासभर उघडू नका. नाहीतर चष्म्यासारखा काचेला घाम सुटतो.

कुडकुड्या
(दोन आठवड्यांनी) ३२एक्स घेतलं. ६७ चांगलं असेल, पण बायकोने किंमत वाचली. लिथियमचे चार सेल आणले. काल सकाळी उणे १४ होतं. फॅरनहाइट, रानमांजर! दांडीचं गणप्या खरं बोलले, जाड मोज्यात लागत नाही. आत पातळ मोजे घातले, तेवढ्यापुरता वरचा काढला. यंत्र तीन तास जाकिटाच्या आत-बाहेर करत होतं, एकदाही विझलं नाही. पडलेल्या ओंडक्याच्या ढोलीत डबा लेकीलाच आधी दिसला. झाकण गोठलेलं, ते तिने काखेत धरून सोडवलं. आत वही कोरडी, आमच्याआधीची नोंद ऑक्टोबरातली.

पेन चाललं नाही. शाई गोठली. तोंडात धरलं, काखेत धरलं, शेवटी लेकीने नखाने कागदावर नाव कोरलं. ते धरतात का?

बिनधास्त_बाई
धरतात. फोटो काढलाय ना वहीचा?

कुडकुड्या
फोन विझला होता.