बहीण नर्स म्हणून जर्मनीला चाललीय, भाषेबद्दल सल्ला हवा

मालवणचो_दादा
धाकटी बहीण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालीय. २०२४ साली आपल्या राज्याचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार झाला, तेव्हापासून तिने जर्मनचं मनावर घेतलं. भाषेची बी१ पातळी झाली, आता त्यापुढच्या बी२ची तयारी चालू आहे. परीक्षा ती काढेल. पण पोर अबोल, मोठ्यांपुढे तोंड उघडत नाही. तिथल्या वॉर्डात कसं निभावेल?

गुहागरकर_उल्म
दादा, अबोल चालेल, न समजता मान डोलावलेली चालणार नाही. आपल्याकडे डॉक्टर बोलले की "हो सर" म्हणून पुढे जायचं. इथे पाळी बदलताना पेशंटची माहिती तोंडी आणि भराभर देतात. मध्येच थांबवून "पुन्हा सांगा" म्हटलं तर कुणी रागवत नाही. पण "हो" म्हटलंत की काम तुम्ही अंगावर घेतलं असंच धरतात. "दास हाबे इश निश्ट फेरश्टांडन", म्हणजे मला समजलं नाही, हे तिच्याकडून रोज मोठ्याने म्हणून घ्या. अगदी खणखणीत.

आकडे मराठीतूनच शिकू दे. जर्मनमध्येही आधी पाच, मग तीस, आपल्या पस्तीससारखंच. इंग्रजीतून उलटवत बसली तर ३५चे ५३ होतील, आणि औषधाच्या मात्रेत ते परवडणारं नाही.

म्हाताऱ्या पेशंट बऱ्याचदा श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलतात. शाळेतली मराठी आणि आपल्या घरातली मालवणी यांत जेवढं अंतर, तेवढं धरून चला. "होखडॉइच (प्रमाण जर्मन) बोला ना" म्हटलं की बहुतेक जणी सांभाळून घेतात.

दापोली_ते_फ्रायबुर्ग
पेशंटला कायम "झी", म्हणजे तुम्ही, म्हणायचं. वयाने मोठी सहकारी स्वतःहून "डू", म्हणजे तू, म्हणेपर्यंत तिलाही. चूक तोंडावर सांगतात, पण राग त्या कामापुरता असतो. दुपारी तीच बाई कॉफीला बोलावते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुली खोलीत जाऊन रडतात.

मालवणचो_दादा
देव बरे करो! ऐकायच्या सरावाला काय लावू?

गुहागरकर_उल्म
डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे भाषेचे धडे नेटवर मोफत आहेत. त्यांच्या जोडीला त्या भागाचा एसडब्ल्यूआर रेडिओ नेटवर लावा, स्वयंपाक करतानाही चालू राहू दे.

मालवणचो_दादा
आज रात्री जेवणं झाली की मी डॉक्टर, ती नर्स. मी भराभर सांगेन, तिने थांबवायचं. आणखी एक, सुरुवातीला राहायची खोली हॉस्पिटल देतं का, की करारात लिहून घ्यावं लागतं?