आईचे दात हलतात पण दुखत नाहीत, सफाई करावी की नाही?

रानजाई
मदत हवी आहे, जरा पटकन. आईचे खालचे पुढचे दोन दात हलतात. दुखत अजिबात नाहीत. दंतवैद्यांना दाखवलं, ते म्हणाले आधी सफाई करू, मग बघू. शुक्रवारी बोलावलंय. इकडे मावशीने डोक्यात भरवलंय की सफाई केली की दात आणखी सैल होतात, तिच्या सासूबाईंचे तसेच गेले. आई हटून बसली आहे. "दुखत नाही तर डॉक्टर कशाला" हे तिचं पालुपद. सफाई करावी की नाही, एवढंच सांगा. घरगुती उपाय नकोत.

शेवंती
वय काय आईचं? हिरड्यांतून रक्त येतं का? शुगर? याआधी तपासणी कधी झाली होती? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

जुनाखांब
मावशींनी पाहिलं ते खरं असेल, पण कारण उलटं आहे. किटण साचतं, हिरडी सुजते, आतलं हाड झिजत जातं आणि दात हलायला लागतो. मग तेच किटण दातांना एकमेकांशी सांधून धरतं. ते काढलं की आधीच सैल झालेला दात सैल आहे हे कळतं आणि बोल सफाईला लागतो. माझ्या वडिलांच्या वेळी घरात हाच वाद झाला होता. सफाईनंतर काही दिवस गार पाणी लागलं की झिणझिण्या यायच्या, नंतर थांबल्या. ते दात अजून तोंडात आहेत.

टकटक
इलेक्ट्रिक ब्रश घेऊन द्या. मी घेतल्यापासून किटण जवळजवळ नाहीच. मऊ केसांचा घ्या, दाब जास्त पडला की थांबणारा मिळतो तोच घ्या.

जुनाखांब
@टकटक, ब्रश चांगलाच, पण एकदा कडक झालेलं किटण कुठल्याच ब्रशने निघत नाही. हिरडीखालचं तर नाहीच नाही.

रानजाई
वय ६७. रक्त येत नाही. दोन वेळा ब्रश करते. तपासणी म्हणाल तर मी कॉलेजात असताना एक दाढ काढली होती, तेव्हा गेली तेवढीच. आता सांगा, सफाई हो की नाही?

बिनधास्त
नका नेऊ. दर सहा महिन्यांनी या, हे दवाखाने चालवायचं तंत्र आहे. दुखलं की शरीर स्वतः सांगतं. मी या लोकांकडे कधी विनाकारण गेलो नाही.

जुनाखांब
@बिनधास्त, सहा महिन्यांचा आकडा सगळ्यांना सरसकट लागू नाही, इथवर तुमच्याशी सहमत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००४ सालीच सांगितलं की मोठ्या माणसांनी धोका पाहून ३ ते २४ महिन्यांच्या अंतराने तपासून घ्यावं. पण दुखण्याची वाट पाहणं घातक आहे. दाताच्या वरच्या कठीण थराला संवेदनाच नसते. कीड त्यातून आत, नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो, आणि मग भरून भागत नाही, रूट कॅनल करावं लागतं. हिरडीचा आजार तर बहुतेकदा दुखतच नाही. शरीर सांगत नाही, म्हणून तर तपासायचं.

शेवंती
रानजाई, शुगरचं राहिलं. आणि तंबाखूची सवय? तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार झाकला जातो.

मनमोर
धाग्यात घुसतोय, माफ करा. मुलगी सहा वर्षांची आहे. सगळ्यात मागे एक दाढ आली आहे आणि तिच्यावर काळी रेघ दिसते. दुधाचीच असेल, पडेलच ना?

शेवंती
@मनमोर, नाही! सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे येते ती कायमची दाढ. ती यायला आधी दुधाचा दात पडावा लागत नाही म्हणून बरेच आईवडील फसतात. लवकर दाखवा. कीड नसेल तर तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवर लावायच्या पातळ लेपाने, बुजवता येतात.

रानजाई
तंबाखू नाही. शुगर आहे, गोळी चालू आहे. पण शुगरचा दाताशी काय संबंध?

शेवंती
दोन्ही बाजूंनी संबंध आहे. शुगर ताब्यात नसेल तर हिरडीचा आजार जोरात वाढतो, आणि हिरडीत सूज राहिली की शुगर ताब्यात ठेवणं अवघड जातं. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट सोबत न्या. आणखी कुठली औषधं? रक्त पातळ करायची? हाडांची?

रानजाई
रक्ताची नाहीत. हाडं ठिसूळ आहेत म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात. दंतवैद्यांना हे सांगितलेलं नाही, आई म्हणाली दाताच्या डॉक्टरला त्याचं काय.

निळासावळा
मी दंतवैद्य आहे. ताई, शुक्रवारी पहिलं वाक्य हेच सांगा, औषधाचं नाव आणि शेवटची तारीख लिहून न्या. हाडांच्या अशा काही औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. प्रमाण कमी आहे, पण झालं तर फार त्रासाचं. सफाईला त्याची अडचण नसते. उलट दात काढायची वेळच येऊ नये म्हणून तुमच्या आईंना सफाईची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते बघायला सांगा, आणि दात व हिरडी यांच्यातली फट किती खोल आहे ते मोजायला सांगा. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल असेल तर हिरडीखालची सफाई लागते, ती भूल देऊन करतात. हलणारे दात शेजारच्या दातांना बांधून घेता येतात. नंतर पहिलं वर्षभर तरी तीन-तीन महिन्यांनी न्या.

बिनधास्त
माझी तर पूर्ण कवळी आहे. मला कशाला तपासणी?

निळासावळा
@बिनधास्त, काका, दात गेल्यावरही जबड्याचं हाड झिजत राहतं, कवळी सैल होऊन घासते. तपासताना जीभ, गाल, टाळूही पाहतात. तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायलाच हवा. तुम्हाला तसं काही आहे का?

बिनधास्त
डावीकडे कवळीखाली एक जागा चुरचुरते. बरेच दिवस झाले.

निळासावळा
याच आठवड्यात दाखवा. जाताना कवळी घेऊन जा.

रानजाई
आई तयार झाली, पण दात काढणार नाही असं आधी कबूल करून घे म्हणते. अजून एक, शुक्रवारची वेळ सकाळी ११ ची आहे. उपाशी न्यायचं का?

शेवंती
मुळीच नको. नेहमीप्रमाणे खाऊन, शुगरची गोळी घेऊनच न्या.