‘सेट’चे शेकडो अर्थ: श्रीमंती की आळस?

म्हापसा_शुक्रवार: भाचीच्या वहीत ‘सेट = ठेवणे’ असं लिहून दिलंय. परवा धड्यात ‘द मान्सून हॅज सेट इन’ आलं, पोरीनं लिहिलं, ‘पावसाळ्याने आत ठेवले’. तिचा काय दोष? सूर्य मावळतो तो सेट, दही लागतं ते सेट, मोडलेलं हाड बसवणं सेट, टेनिसमध्येही सेट. १९८९ च्या ऑक्सफर्ड कोशात या एका क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ आहेत. लोक याला श्रीमंती म्हणतात, मी आळस म्हणतो. मराठीत कशी प्रत्येक कामाला वेगळी क्रिया!

तिसरी_घंटा_फोंडा: वेगळी? आत्ताच ‘दही लागतं’ लिहिलंत ना! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झोप लागते, घाट लागतो, दूध खाली लागतं, बेतीची फेरी पणजीच्या धक्क्याला लागते, आणि शेजारची ती तुमची कोण लागते? जत्रेच्या नाटकाला आम्ही सेटसुद्धा ‘लावतो’. मोल्सवर्थच्या कोशात ‘लागणें’ काढून बघा, मग बोलू.

म्हापसा_शुक्रवार: ‘लागणे’त चिकटण्याचा, भिडण्याचा धागा तरी सापडतो. सूर्यास्त आणि सहा कपांचा सेट, यांचं नातं सांगा.

डिचोलीची_बाई: कपांचं उदाहरण गैरलागू आहे. तो ‘सेट’ हे नाम, जुन्या फ्रेंचमधून आलेलं, मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं ‘सेट्टन’, म्हणजे बसवणे. ‘सिट’चं प्रयोजक रूप. पुढे दोघं एकमेकांत मिसळले. ‘बसवणे’ धरून चला: हाड बसवलं, हिरा कोंदणात बसवला, घड्याळाची वेळ बसवली. बराच भाग सुटतो, सगळा नाही.

वर्गात मी सुटा अर्थ देतच नाही. ‘सेट आउट’ निघणे, ‘सेट अप’ उभारणे, ‘सेट इन’ सुरू होऊन ठाण मांडणे; अशी जोडीच द्यायची. मिरगानंतर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा ‘सेट इन’ समजवावं लागत नाही.

पर्वरीची_आई: बाई, तुमचं पटतं, पण घटक चाचणीत ‘अर्थ लिहा: सेट’ असंच येतं, एका गुणाला. जोड्या शिकलेलं पोर तिथे काय लिहिणार? शेवटी मीही ‘ठेवणे’च पाठ करून घेते. आणि तो ४३० चा आकडा जुना झाला हो. २०११ पर्यंत कोशकारांनी ‘रन’चे ६४५ अर्थ मोजले, पहिला नंबर त्याचा.

डिचोलीची_बाई: मग भांडण त्या प्रश्नाशी करा. वाक्य न देता अर्थ विचारायचाच नसतो. आमच्याकडे मी तो प्रश्न बदलून घेतला, तुम्हीही पालकसभेत काढा विषय.

म्हापसा_शुक्रवार: काढा जरूर. पण ४३० म्हणजे अतीच हो!