मदत हवी आहे: मानेवरचा काळा पट्टा आणि वाढलेलं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन)

मुलगा 11 वर्षांचा, वजन 58 किलो. मानेवर काळपट पट्टा दिसायचा. मळ समजून मी महिनाभर घासत बसले! डॉक्टर म्हणाले, ही इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याची) खूण. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 5.9 आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. टीएसएच किंचित जास्त आहे, पण ते लठ्ठपणामुळेही वाढतं आणि उंची नीट वाढतेय, म्हणून थायरॉईडची गोळी नको असं त्यांचं मत. घरचे मात्र 'हार्मोन्सचाच दोष' म्हणून अडून बसलेत. कुणाच्या मुलाचं टीएसएच वजन उतरल्यावर आपोआप खाली आलंय का? किती महिन्यांनी?

अजून एक. बीपी मोजताना पट्टा दंडाला जेमतेम पुरला, वरचं 128 आलं. पट्टा तोकडा असला की आकडा फुगतो ना? मोठ्या पट्ट्याने पुन्हा मोजून घेऊ का?