थेरपिस्टच्या स्वभावाने उपचारात खरंच फरक पडतो का? मदत हवी आहे

नमस्कार. सात महिन्यांपासून चिंतेच्या त्रासासाठी थेरपी घेते आहे, सीबीटी पद्धतीची, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी. मॅडम हुशार आहेत, वेळेच्या पक्क्या आहेत. धडधड सुरू झाली की काय करायचं, मनात आलेला विचार कागदावर मांडून कसा तपासायचा, हे त्यांनी नीट शिकवलं आणि त्याचा उपयोगही झाला.

अडलंय ते दुसरीकडेच. दोन महिन्यांपूर्वी माझा भाऊ गेला. त्यानंतरच्या पहिल्या सेशनला मी ते सांगितलं. "फार वाईट झालं," म्हणाल्या, क्षणभर थांबल्या आणि मागच्या आठवड्याचा विचारांचा तक्ता मागितला. मी दिला. तशा अवस्थेतही तो भरला होता मी. तेव्हापासून जाते, बोलते, पण आतलं काही बाहेर येत नाही.

आधीच्या थेरपिस्ट याच्या अगदी उलट होत्या. माझं ऐकताना त्यांचेच डोळे भरून यायचे. मग त्यांना त्रास होईल असं काही बोलायचंच नाही, असं ठरवून मी जायचे. चार सेशननंतर थांबवलं.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेलं वाचलं, की समानुभूती, विनाअट स्वीकार आणि प्रामाणिकपणा एवढं थेरपिस्टपाशी असलं तर माणूस बदलू शकतो. मग नुसत्या तंत्राने भागत नाही का? की जिव्हाळा मागणं हा माझा हट्ट आहे? हे त्यांना सांगू, की सरळ दुसरं कोणी शोधू? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी या क्षेत्रात बारा वर्षं काम करते. तुमचा हट्ट नाही.

२०१८ मध्ये २९५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. थेरपिस्टशी नातं जितकं चांगलं, तितका गुण अधिक, असं त्यात दिसलं, आणि सीबीटीही त्याला अपवाद नव्हती. सहसंबंध ०.२८ च्या आसपास (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे मध्यम. तंत्र वाया जातं असा याचा अर्थ नाही, तुम्हाला स्वतःलाच त्याचा उपयोग झालाय. पण 'नातं' म्हणजे नुसता जिव्हाळाही नव्हे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये त्यात तीन गोष्टी धरल्या: काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपुलकी. त्या दिवशी तुम्हाला भावाबद्दल बोलायचं होतं आणि मॅडमना तक्ता हवा होता. म्हणजे तडा आपुलकीला गेलाच, पण काय करायचं यावरचं एकमतही तिथेच मोडलं.

पहिल्या थेरपिस्टचे डोळे भरून आले यात मला चूक दिसत नाही. तुम्हाला त्यांना जपावं लागलं, ही चूक. दुसऱ्याचं दुःख आत येऊ द्यायचं आणि तरी आपण उभं राहायचं, हे शिकायला आम्हाला वर्षं लागतात.

आणखी एक. आपण किती समजून घेतलं याचा थेरपिस्टचा स्वतःचा अंदाज फारसा भरवशाचा नसतो. समोरच्याला काय जाणवलं, ते गुणाशी जास्त जुळतं. त्यामुळे काही बिघडलंय हे मॅडमना कळलंच नसेल. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्यूरन या मानसशास्त्रज्ञांनी अशा तड्यांवर बरंच काम केलंय. काही जण चिडतात, काही जण मुकाट सांगितलेलं करत राहतात. तुम्ही तक्ता पुढे केलात तो हा दुसरा प्रकार. तडा बोलून सांधला गेला तर उपचार पुढे चांगला चालतो, म्हणून सोडण्याआधी एकदा सांगा. सेशन सुरू होताच सांगा, शेवटच्या पाच मिनिटांत नको. त्या ऐकण्याऐवजी स्वतःची बाजू मांडत बसल्या, तर खुशाल दुसरं कोणी शोधा.

प्रतिसाद २

तोंडून शब्द फुटत नसतील तर लिहून न्या. मी कागद वाचून दाखवला होता, मान वर न करता. चाललं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कागदच नेला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही इतक्या सावरलेल्या दिसलात, मला वाटलं तुम्हाला नेहमीचंच काम हवंय. मी विचारायला हवं होतं." मग भावाचं नाव विचारलं. उरलेला वेळ मी त्याच्याबद्दलच बोलले.

अजून त्यांच्यासमोर रडू येत नाही, मात्र घरी परतल्यावर आलं. विश्वास पुन्हा बसायला साधारण किती सेशन द्यावेत? तुमचा अनुभव सांगाल का?